शब्दांचा मेघ आणि एक 'नको'

समीक्षकाचे काम चुटकीसरशी उरकून टाकणारी एक युक्ती सध्या घरोघर पोचली आहे. एखादे भाषण, लेख, फार काय अख्खी कादंबरी संगणकाच्या पडद्यावरील चौकटीत घालावी आणि कळ दाबावी. लगेच त्या लेखनातले शब्द लहानमोठ्या अक्षरांत, रंगीबेरंगी होऊन, एकमेकांना बिलगून उभे राहतात. जो शब्द अधिक वेळा आला तो मोठा. यालाच 'शब्दमेघ' म्हणतात. २००८ साली जोनाथन फाइनबर्ग यांनी 'वर्डल' हे असे साधन इंटरनेटवर खुले केले आणि जगभर या चित्रांचे पीक आले. ते साधन आता बंद पडले आहे. त्याच नावाचा आजचा शब्दकोड्याचा खेळ निराळा. पण त्याची भावंडे पुष्कळ आहेत.

चित्र म्हणून मला हा प्रकार आवडतो. रांगोळीशेजारी तो खुशाल शोभावा. माझी तक्रार सुरू होते ती 'हे पाहा लेखकाचे सार' असे म्हणून कोणी तो पुढे करतो तेव्हा.

एक तर आपली मराठी या यंत्राला नीट उमगत नाही. घर, घरी, घरात, घराला, घरातून हे त्याच्या लेखी पाच निरनिराळे शब्द. त्यामुळे पानोपानी घराचाच ध्यास घेतलेल्या कथेत 'घर' कोपऱ्यात अंग चोरून बसते. काही साधनांना तर काना-वेलांटी अक्षराचीच असते एवढेही ठाऊक नसते. ती शब्द मधूनच तोडतात.

पण खरा घोटाळा पुढेच आहे. 'आणि', 'आहे', 'तर' असे शब्द सर्वत्र येतात. ते ठेवले तर मेघात तेच दाटतील, म्हणून ते आधीच गाळले जातात. या गाळणीतून पुष्कळदा 'नाही' आणि 'नको' हेही वाहून जातात.

माझी एक मावशी वसतिगृहातल्या मुलाला दर आठवड्याला पत्र लिहीत असे. ती गेल्यावर नातवंडांनी ती पत्रे टंकून त्यांचा मेघ केला आणि चौकटीत बसवून भिंतीवर लावला. मधोमध सर्वांत मोठा शब्द होता 'काळजी'. पाहणारा म्हणतो, 'बाई फार काळजी करणाऱ्या दिसतात!' वास्तविक पत्रोपत्री तिने लिहिले होते, 'काळजी करू नको.' घरात आजारपण होते, पैशाची ओढ होती, आणि ती मुलाला धीर देत होती. तिचा सारा पीळ त्या 'नको'त होता. नेमका तोच गळला. ज्या पणतवंडांनी तिला पाहिलेच नाही, त्यांच्यापुढे आता धीराच्या बाईऐवजी घाबरट बाई उभी राहील.

यात मोजणीचा दोष नाही. यंत्राकडून शब्द मोजून घेणाऱ्या आद्य अभ्यासकांत इटलीचे जेझुइट पाद्री रोबेर्तो बुसा यांचे नाव येते. थॉमस अक्वायनस यांचे लॅटिन ग्रंथ अभ्यासताना त्यांना भारदस्त संज्ञांपेक्षा 'इन', म्हणजे 'आत', हे चिमुकले अव्यय मोलाचे वाटले. त्यासाठी त्यांनी सुमारे १०,००० चिठ्ठ्या हाताने लिहिल्या आणि प्रत्येकीवर वाक्य उतरवले. १९४९ साली ते आयबीएम कंपनीच्या यंत्रांकडे वळले, ते या खटाटोपानंतर. ही खरी मोजणी! ती शब्दाला वाक्यातून उपटून काढीत नाही, आणि लहान म्हणून कुणाला दारातून परतवीत नाही.

म्हणून वाचकहो, फराळ आटोपल्यावर घरातल्या मुलांना हवे तर याच अंकातल्या एखाद्या कथेचा मेघ करू द्या. मात्र सर्वांत मोठा शब्द सापडला की त्यांना पुन्हा पानाकडे धाडा आणि तो शब्द ज्या वाक्यांत आला ती वाक्ये मोठ्याने वाचायला सांगा. मेघ दिसला म्हणजे पाऊस पडला असे नव्हे. भिजायचे तर वाक्यातच उतरावे लागते.