खुनी कोण, हें ठाऊक असतांना

रहस्यकथा वाचणाऱ्या मनुष्याची एक खोड सर्वांच्या परिचयाची आहे. पुस्तक हातीं आलें कीं शेवटचें पान उघडण्याचा मोह तो कसाबसा आवरतो, आणि घरांत तें आधीं कोणी वाचलेलें असेल तर त्याला दटावतो, ‘खबरदार, नांव सांगूं नकोस!’ बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-झुंजारावर ज्यांच्या दुपारी गेल्या त्यांना हें सांगावयास नको; आमच्या घरीं तर एकाच पुस्तकासाठीं तिघां भावंडांचें भांडण होई आणि तें मिटेपर्यंत चौथा तें वाचून मोकळा होई. नांव कळलें कीं कथेंतील प्राण गेला अशी आपली समजूत असते, आणि पुष्कळ कथांच्या बाबतींत ती खरीही असते. गुन्हेगार सांपडला, पुस्तक रद्दींत गेलें.

फ्रिट्झ लँग या दिग्दर्शकाचा ‘एम्’ हा जर्मन बोलपट या समजुतीला धक्का देतो. बर्लिनमध्यें तो प्रथम दाखविला गेला तो ११ मे १९३१ रोजीं. म्हणजे मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ लागून तेव्हां पुरते दोन महिनेही झाले नव्हते. मीं तो पहिल्यानें विद्यार्थिदशेंत पुण्यास पाहिला आणि पुढें निरनिराळ्या निमित्तांनीं चार-पांच वेळां. लहान मुलींना मारणारा हान्स बेकर्ट हा खुनी कोणापासून लपविलेला नाहीं. कथानक पुरतें रंगण्यापूर्वींच आरशासमोर तोंडें वेडींवांकडीं करणारा त्याचा गोल, मऊ, लहान मुलासारखा चेहरा आपल्यास दिसतो. मग उत्कंठा कशाची? पांचव्या वेळींही तळहातांना घाम कां सुटतो? या प्रश्नाचा विचार करतांना चित्रपटापेक्षां प्रेक्षकाविषयींच अधिक कांहीं हातीं लागतें असा माझा अनुभव आहे.

आरंभींचाच प्रसंग घ्यावा. चाळीसारख्या एका इमारतीच्या अंगणांत मुलें रिंगण करून राज्य कोणावर याचें गाणें म्हणत आहेत. गाणें आहे काळ्या कपड्यांतल्या खुन्याचें. धुण्याची टोपली घेऊन जाणारी बाई त्यांच्यावर खेकसते. वर, घरांत, एल्सी बेकमनची आई कपडे धूत आहे. बारा वाजतात. ती हात पुसते, टेबलावर मुलीचें ताट मांडते. इकडे एल्सी शाळेतून निघाली आहे, चेंडू उडवीत चालली आहे, आणि एका जाहिरातीच्या खांबावर तिनें तो आपटला तेव्हां आपण वाचतों कीं त्यावर खुन्याला पकडून देणारास दहा हजार मार्कांचें बक्षीस लावलें आहे. त्याच कागदावर एका पुरुषाची सावली पडते. चेंडू फार सुंदर आहे, असें ती सावली म्हणते.

यापुढें लँग कांहींच दाखवीत नाहीं. आई जिन्याच्या कठड्यावरून हांक मारते, जिना रिकामा. माळ्यावर वाळत घातलेले कपडे, माळा रिकामा. मांडलेलें ताट तसेंच. मग झुडपांतून चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. आंधळ्या फुगेवाल्याकडून त्या मनुष्यानें घेऊन दिलेला फुगा तारांत अडकतो, क्षणभर धडपडतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. एवढेंच. आपल्या काव्यशास्त्रानें ज्याला व्यंजना म्हटलें तिचें यापेक्षां नेमकें उदाहरण मला वर्गांत देतां आलेलें नाहीं. रक्ताचा थेंबही दिसत नाहीं; पण ज्या आईनें कधीं मुलाची शाळेतून येण्याची वाट पाहिली असेल तिला तें रिकामें ताट आयुष्यभर विसरतां येणार नाहीं. आजचे पुष्कळ गुन्हेपट प्रेतें दाखवितात, आणि तीं पाहून झाल्यावर आपण जेवूं शकतों. रिकाम्या ताटाचें तसें नाहीं.

ध्वनीचा उपयोगही असाच काटकसरीचा आहे. लँगचा हा पहिला बोलपट. ज्या वर्षीं आमच्याकडे पहिल्या बोलपटांत सात गाणीं घालून आनंद साजरा झाला (आणि त्यांत कांहीं चुकलें असें मी मुळींच म्हणत नाहीं), त्याच वर्षीं या मनुष्यानें पार्श्वसंगीत असें ठेवलेंच नाहीं. कित्येक दृश्यें तर संपूर्ण निःशब्द आहेत. संगीत आहे तें फक्त एका शिळेचें: इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ नाटकासाठीं ग्रीगनें रचलेल्या संगीतांतील एक लहानशी, फेऱ्यांत सांपडल्यासारखी धांवणारी धून. बेकर्टच्या मनांत तें जागें झालें कीं ही शीळ सुरू होते. अखेर त्याला ओळखतो तोही डोळस पोलीस नव्हे, तर तोच आंधळा फुगेवाला, ऐकून. मग एक पोरगा तळहातावर खडूनें ‘एम्’ हें अक्षर, खुनी या अर्थाच्या जर्मन शब्दाचें आद्याक्षर, काढतो आणि धक्का लागल्याचें निमित्त करून बेकर्टच्या कोटाच्या खांद्यावर उठवितो. तें आरशांत पाहतांना पीटर लोरी या नटाचे डोळे जे कांहीं करतात, त्यासाठीं तो एक क्षण पुन्हा पुन्हा पाहावा.

पण माझा मुख्य मुद्दा पुढें आहे. खुनी सांपडत नाहीं म्हणून पोलीस रोज रात्रीं अड्ड्यांवर छापे घालतात, आणि त्यामुळें चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो. तेव्हां तेही ठरवितात कीं याला आपणच पकडावें. पोलिसांची बैठक आणि चोरांची बैठक लँगनें एकमेकींत अशी विणली आहे कीं चोरांचा म्होरक्या श्रँकर हात उचलतो आणि ती हालचाल पोलीस-अधिकारी पुरी करतो. दोन्हीकडे तोच धूर, तींच कपाळावरचीं आंठ्याळ कातडीं. चोर शहरांतील भिकाऱ्यांच्या संघाला कामास लावतात; प्रत्येक भिकाऱ्याला गल्ली नेमून दिली जाते. हें सर्व पाहतांना हसूं येतें, आणि येथेंच प्रेक्षक फसतो. कारण हसतां हसतां आपण चोरांच्या बाजूचे होतों. पोलिसांच्या आधीं त्यांनीं बेकर्टला गांठावें असें आपल्यास मनापासून वाटूं लागतें.

न. चिं. केळकरांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधि’ची कल्पना मांडली. वाचक पात्राशीं एकरूप होतो, पण आपलें भानही सोडीत नाहीं, आणि या दुहेरी स्थितींतून त्याला आनंद होतो, असा तिचा थोडक्यांत आशय. भयकथेची गोडी या कल्पनेनें पुष्कळशी उलगडते: भय दुसऱ्याचें, सुरक्षितता आपली. मात्र केळकरांचा वाचक सहसा उदात्त किंवा निदान निरुपद्रवी पात्राशीं समरस होई. लँग आपल्यास प्रथम आईशीं, मग शिकाऱ्यांशीं, आणि शेवटीं, आपली इच्छा नसतांना, शिकारीशीं एकरूप करतो. एका कचेरीच्या माळ्यावर, अडगळींत, बेकर्ट चाकूनें कुलुपाशीं झटतो आहे आणि चोरांचीं पावलें जवळ येत आहेत, तेव्हां माझा श्वास त्याच्यासाठीं कोंडला होता, हें मी कबूल करतों. पहिल्या वेळीं याची मला लाज वाटली होती.

मधला कांहीं भाग लांबला आहे, हें सांगितलें पाहिजे. नकाशावर कंपासानें वर्तुळें काढणें, बोटांचे ठसे, सिगारेटचीं थोटकें, तपास कसा चालतो याचें जणूं प्रात्यक्षिकच; १९३१ त तें नवें असेल, आज त्याची चटक उरलेली नाहीं. इन्स्पेक्टर लोमान मोठा गमत्या आहे, पण त्याच्यावर कात्री चालली असती तर मी तक्रार केली नसती.

त्याच भागांत मात्र एक लहानसा प्रसंग आहे. चष्मा लावलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला रस्त्यांत एक मुलगी वेळ विचारते. तो सांगतो. तेवढ्यांत एक धिप्पाड मनुष्य येऊन त्याला हटकतो, ‘तुझें त्या मुलीशीं काय काम?’ दहा माणसें जमतात, मग वीस. दुसरीकडे एका पाकीटमाराला पोलीस बसमधून उतरवितो तर लोक ‘हाच खुनी’ म्हणून ओरडूं लागतात. जर्मन समाजाच्या त्या काळच्या धास्तीचें हें चित्र आहे असें पुस्तकांतून वाचावयास मिळतें, आणि मीही वर्गांत कित्येक वर्षें तसेंच सांगत आलों. १ जुलै १९१८ असतें तर तें इतिहासजमा म्हणून सोडतां आलें असतें. पण तो दिवस १ जुलै २०१८ चा होता. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं बाजाराच्या दिवशीं, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा मोबाइलवरून फिरलेल्या अफवेनें, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें ठार मारलें. भिक्षा मागून पोट भरणारीं माणसें तीं. लँगच्या कथेंत भिकारी पाळत ठेवतात. आमच्याकडे पाळत भिकाऱ्यांवर होती. त्यानंतर मीं तो म्हाताऱ्याचा प्रसंग विद्यार्थ्यांना दाखविला तेव्हां कोणी हसलें नाहीं.

शेवटीं चोर बेकर्टला एका ओसाड पडलेल्या दारूच्या कारखान्याच्या तळघरांत नेतात आणि त्याचा न्याय करावयास बसतात. अध्यक्ष श्रँकर, ज्याच्यावर स्वतःवर तीन खुनांचा आरोप आहे. आरोपीस वकीलही देतात. तोही त्यांच्यांतलाच, पण तो आपलें काम प्रामाणिकपणें करतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोरीचें येथील भाषण नाट्यमय आहे, थोडें अतिरेकीही. आपल्यामागें कोणी तरी सतत धांवत असतें आणि तो आपण स्वतःच आहों, असें तो सांगतो. तुम्ही गुन्हे स्वखुषीनें करतां, मला त्यांतून सुटकाच नाहीं, असें ओरडतो. ऐकणाऱ्यांत एक-दोघे मान हलवितात. बाकीच्यांना त्याचें रक्त हवें आहे.

गेल्या दिवाळींत घरीं हा चित्रपट लावला होता. माझी पुतणी आली होती. तिला चार वर्षांची मुलगी आहे. येथवर आल्यावर ती म्हणाली, ‘काका, आतां पोलीस नको यायला. यांनाच काय तें करूं दे.’ मग पोलीस आले, जमावाचे हात वर गेले, कायद्याच्या नांवानें एक हात बेकर्टच्या खांद्यावर पडला, आणि ती कांहीं वेळ बोलली नाहीं. जेवतांना म्हणाली, ‘मी तसें म्हणायला नको होतें का?’ काय उत्तर द्यावें हें मला सुचलें नाहीं. तिच्या जागीं मी असतों तर तेंच म्हटलें असतें, आणि लँगलाही तें ठाऊक असावें. नाहीं तर त्यानें ताटापासून आरंभ केला नसता.

चित्रपटाला मृत्युदंड हवा आहे कीं नको, यावर तेव्हांपासून वाद आहे. ड्युसेलडॉर्फच्या पीटर क्युर्टेनचा खटला एप्रिल १९३१ मध्यें चालला आणि जुलैमध्यें त्याला देहान्त शिक्षा झाली; ‘एम्’ मधल्या महिन्यांत पडद्यावर आला, तेव्हां प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. गोबेल्सनें त्याच मे महिन्यांत हा चित्रपट पाहून आपल्या रोजनिशींत त्याची वाहवा केली. फाजील दयाबुद्धीच्या विरुद्ध आणि फांशीच्या बाजूचा म्हणून. लँग स्वतः पुढें सांगत राहिला कीं आपण मृत्युदंडाच्या विरुद्ध आहों. सत्तेवर आलेल्या नाझींनीं १९३४ सालीं याच चित्रपटावर बंदी घातली. लोरी जन्मानें ज्यू; तो आणि लँग दोघेही १९३३ सालीं देश सोडून गेले. पण १९४० मध्यें ज्यूंविरुद्ध काढलेल्या एका प्रचारपटांत लोरीच्या त्याच भाषणाचा तुकडा तोडून वापरला गेला. वकील, अध्यक्ष, जमाव सर्व गाळून. एकटा ओरडणारा चेहरा तेवढा ठेवून. चित्रपटाचा अर्थ कोठें राहतो, हें मला या कात्रीनें जितकें कळलें तितकें कोणत्याही समीक्षाग्रंथानें कळलें नाहीं: तो लोरीच्या चेहऱ्यांत नाहीं, त्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्यांना लँगनें चौकटींत ठेवलें, त्यांत आहे.

जातां जातां एक गोष्ट, जी आमच्या वाचकांपैकीं थोड्यांना ठाऊक असेल. या चित्रपटाचें लेखन लँगबरोबर त्याची तेव्हांची पत्नी थेआ फॉन हार्बो हिनें केलें. १९३३ सालीं दोघांचा घटस्फोट झाला, आणि पुढें तिनें विवाह केला तो अयी तेंडुलकर या, त्या वेळीं जर्मनींत असलेल्या, मराठी पत्रकाराशीं. नवरा परदेशीं निघून गेला, ती जर्मनींतच राहिली. मनुष्याच्या निवडीचें गणित बेकर्टच्याच काय, त्याच्या निर्मात्यांच्याही बाबतींत सुटत नाहीं. असो.

अखेरचें दृश्य क्षणाचेंच आहे. खरे न्यायाधीश आसनावर येऊन बसतात. निकाल आपल्यास ऐकूं येत नाहीं. दिसतात त्या बांकावर बसलेल्या काळ्या वस्त्रांतील तीन आया. एल्सीची आई रडत म्हणते कीं यानें आमचीं मुलें परत येणार नाहींत, मुलांकडे नीट लक्ष ठेवलें पाहिजे. दिवाळीच्या त्या रात्रीं पडदा काळा झाल्यावर पुतणी उठली आणि शेजारच्या खोलींत जाऊन झोपलेल्या पोरीच्या अंगावरचें पांघरूण सारखें करून आली.