ईश्वराविना आत्मा, आत्म्याविना पशू?

ईश्वर न मानणारा मनुष्य आत्मा मानू शकतो का, आणि पशूंना आत्मा असतो का, हे दोन प्रश्न वरवर पाहता वेगळे वाटतात. जॉन मॅक्टॅगर्ट (१८६६-१९२५) या केंब्रिजच्या तत्त्वज्ञाचा 'सम डॉग्माज ऑफ रिलिजन' हा १९०६ सालचा ग्रंथ वाचताना मात्र दोहोंचे मूळ एकच असल्याचे ध्यानी येते : 'आत्मा' म्हणजे नेमके काय?

मॅक्टॅगर्ट निरीश्वरवादी होता. तरीही आत्मा अमर आहे, असे तो मानीत असे. ईश्वराचे अस्तित्व आणि आत्म्याचे अमरत्व हे तर्कदृष्ट्या दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हा त्याचा मुद्दा मान्य करावाच लागेल. आपल्या भूमीला तो नवाही नाही. जैन दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाही. पण मुंगीत आणि वनस्पतीतही जीव पाहते. तेव्हा 'आत्मा मानलात, म्हणजे देव मानलाच' हा व्याख्यानांतून ऐकू येणारा युक्तिवाद टिकणारा नाही. उलट, मिस्सेकडे पाठ फिरवलेला मनुष्य रात्री भगताचे दार ठोठावतो, हेही आपण पाहतो. भुताखेतांवरचा विश्वास म्हणजे श्रद्धा नव्हे. देव आहे एवढे तर दुष्टात्म्यांनाही कळते, याची आठवण संत याकोबाने आपल्या पत्रात करून दिलीच आहे.

मॅक्टॅगर्ट उणा पडतो तो पुढे. त्याच्या तत्त्वज्ञानात अंतिम सत्य म्हणजे परस्परांवर प्रेम करणारे आत्मे. कल्पना उदात्त आहे. परंतु हे आत्मे कोणी दिलेले नाहीत. तेथे प्रेम आहे. पण जीवनाच्या देणगीबद्दल आभार मानावेत असा दाता नाही. ख्रिस्ती श्रद्धेत आत्मा ही निर्मिती आहे, आणि आपली आशा केवळ आत्मा टिकण्याची नसून देहाच्या पुनरुत्थानाची आहे.

आत्मा ही देणगी आहे असे मानले, की पशूंचा प्रश्नही उलगडू लागतो. पशूंना आत्मा नाही, असे ख्रिस्ती परंपरेचे मत असल्याचा समज सरसकट आढळतो. तो चुकीचा आहे. ॲरिस्टॉटलला अनुसरून संत थॉमस अक्वायनस वनस्पती, पशू व मानव या तिघांनाही आत्मा मानतात. मात्र बुद्धियुक्त मानवी आत्माच मृत्यूनंतर टिकतो, असे ते सांगतात. पशूला निव्वळ यंत्र ठरवले ते देकार्तने, १६३७ साली. उत्पत्तीच्या ग्रंथात तर 'नेफेश' हा एकच हिब्रू शब्द पशूंसाठी आणि आदामासाठीही येतो. 'मुक्या जनावरालाही जीव असतो' असे म्हणणारी आपली मराठी या शब्दाच्या किती जवळ आहे!

म्हणून घरातील कुत्रा मेल्यावर 'तो स्वर्गात गेला का?' असे मूल विचारते, तेव्हा त्याला हसू नये. आणि ख्रिस्तसभेने न दिलेले वचनही देऊ नये. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक निर्मितीला तिचे रूपांतरित स्थान लाभेल, अशी आशा पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' (२०१५) या परिपत्रकात व्यक्त केली आहे. ते स्थान कसे असेल, हे निर्मात्यावर सोपवावे. त्या मुलाला एवढे निश्चित सांगता येईल : तुझा कुत्रा यंत्र नव्हता, तो देवाच्या हातचा जीव होता, आणि देव आपल्या हातचे काही विसरत नाही.