नोंद न झालेला वाटा

पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने जून १९७७ ते मे २०११ अशी सलग ३४ वर्षे राज्य केले. २००६ च्या निवडणुकीत २९४ पैकी २३५ जागा जिंकणारी ही आघाडी २०११ साली ६२ जागांवर आली आणि २०२१ साली विधानसभेत तिचा एकही आमदार उरला नाही. या पडझडीचे एक ठरावीक उत्तर पुरोगामी वर्तुळात दिले जाते. पक्षाने डावेपण सोडले, मध्यममार्ग धरला, भांडवलदाराला जवळ केले, म्हणून मतदाराचा भ्रमनिरास झाला, असे ते उत्तर. ते खोटे नाही. पण अर्धे आहे. उरलेले अर्धे दलित चळवळीनेच सांगितले पाहिजे. इतरांना त्याची निकड भासत नाही.

प्रथम जे केले गेले ते मान्य करू. १९७८ साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन बर्गा’ने १४ लाखांच्या आसपास बटाईदारांची नोंद केली. मालकाला वाटेल तेव्हा बटाईदाराला जमिनीवरून हाकलण्याची सोय त्यामुळे संपली आणि पिकातला वाटा कायद्याने ठरला. त्याच वर्षी पंचायतीच्या निवडणुका झाल्या. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या पळवाटांतून जमिनी सुटताना आपण पाहिल्या आहेत. म्हणून या कामाची किंमत आपल्याला कळते. बंगालच्या खेड्यातला मतदार ३४ वर्षे लाल झेंड्याबरोबर राहिला तो भाबडेपणामुळे नव्हे. त्याच्या हातात बटाईचा कागद होता.

मग सिंगूर आले. १९९४ च्या औद्योगिक धोरणापासून पक्षाची दिशा बदलत होतीच. २००६ मध्ये ‘शेती आमचा पाया, उद्योग आमचे भविष्य’ ही घोषणा देऊन पक्ष जिंकला आणि त्याच वर्षी सिंगूरची सुमारे ९९७ एकर जमीन टाटांच्या मोटार कारखान्यासाठी घेण्याचे ठरले. ती घेतली इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. नोंदलेल्या बटाईदाराला थोडीफार भरपाई होती. नोंद नसलेल्या बटाईदाराला आणि शेतमजुराला त्या हिशेबात जागाच नव्हती. १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राममध्ये पोलीस कारवाईत १४ माणसे मेली. १९४६-४७ च्या तेभागा लढ्यात बटाईदाराला पिकाचे दोन भाग मिळावेत म्हणून जो मुलूख उठला होता, त्यातलेच हे नंदीग्राम. टाटांनी २००८ मध्ये सिंगूर सोडले आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच रद्द ठरवले.

ठरावीक उत्तर येथे थांबते. आपला प्रश्न येथून सुरू होतो. पक्ष मध्याकडे सरकला तो २००६ मध्ये की त्याआधी?

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत नामशूद्र मोठ्या संख्येने होते. मुंबई प्रांतातून वाट बंद झाली तेव्हा बाबासाहेब १९४६ साली बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले, ते जोगेंद्रनाथ मंडल आणि याच समाजाच्या पाठबळावर. भद्रलोक निर्वासित कलकत्त्याच्या आसपासच्या वसाहतींत स्थिरावले. नामशूद्रांना दंडकारण्यात पाठवले गेले. आपल्या गडचिरोलीतही त्यांच्या वस्त्या आहेत. विरोधात असताना डाव्यांनी या पाठवणीला विरोध केला होता. त्या शब्दावर विसंबून १९७८ साली हजारो कुटुंबे परतली आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या श्रमाने वस्ती उभी केली. राखीव जंगलाचे कारण सांगून सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती मोडली. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. नाकेबंदी वादाची नाही.

म्हणजे ज्या काळात बटाईदाराचे नाव नोंदले जात होते, त्याच काळात त्याच सरकारने सर्वहारा या शब्दाच्या सर्व कसोट्यांना उतरणारी माणसे बेटावरून हुसकावली. तेव्हा टाटा नव्हते, उदारीकरण नव्हते. मध्यममार्ग हे त्याचे कारण असू शकत नाही. कारण असे, की पक्षाचा मध्य कुठे आहे हे आधीच ठरलेले होते. तो भद्रलोकाच्या बैठकीत होता. वर्गाची भाषा बोलणाऱ्या नेतृत्वाला स्वतःची जात दिसत नव्हती आणि समोरच्याची जात मोजण्याची गरज वाटत नव्हती. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९६४ साली स्थापन झाला. त्याच्या पॉलिटब्यूरोत पहिला दलित सदस्य, रामचंद्र डोम, २०२२ साली आला. मधली ५८ वर्षे कशी गेली? ज्या राज्यात सुमारे २३ टक्के लोक अनुसूचित जातींचे, तिथल्या सत्ताधारी पक्षाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. २००६ च्या सच्चर समितीने दाखवले की राज्यात सुमारे २५ टक्के असलेल्या मुसलमानांचा सरकारी नोकऱ्यांतला वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता. पिकातला वाटा नोंदला गेला. सत्तेतला वाटा नोंदायचा राहून गेला. सिंगूरला जमीन घ्यायची ठरली तेव्हा ज्याची जमीन, ज्याची बटाई, ज्याची मजुरी, तो निर्णयाच्या बैठकीत नव्हता. असता तर निर्णय वेगळा झाला असता की नाही हा पुढचा प्रश्न. पण त्याला विचारल्याशिवाय झाला नसता.

अशा मतदाराला ‘उजवा झाला’ म्हणणे सोपे आहे. पण निर्वासितांच्या छावणीत वाढलेले, रिक्षा ओढलेले, नक्षल चळवळीत गेलेले लेखक मनोरंजन ब्यापारी २०२१ साली तृणमूलच्या तिकिटावर आमदार झाले, याला विचारांतर म्हणायचे की घर सोडून दिलेले माणूस म्हणायचे? ज्या घरात आपल्याला ओसरीच्या पुढे येऊ दिले नाही, ते सोडताना माणूस फार मागे वळून पाहत नाही. तो नव्या घरात सुखी झाला असेही नाही. तृणमूलच्या राज्यातही सत्तेचा मध्य त्याच्याकडे सरकला नाही.

हे लिहिताना बोट फक्त कलकत्त्याकडे दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५७ साली स्थापन झालेल्या आपल्या रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तुरुंग भरले. पुढच्या काही वर्षांतच पक्ष काँग्रेसशी युतीत गेला आणि गटागटांनी सत्तेच्या तुकड्यांचे सौदे केले. तेव्हा आपल्या वस्त्यांत जी चीड साठली, तिच्यातूनच १९७२ साली पँथर उभी राहिली. तेथे नेतृत्व भद्रलोक नव्हते, आपलेच होते. म्हणून केवळ आपला माणूस वर बसवला की प्रश्न सुटतो, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

तेव्हा कार्यकर्त्याने पक्षाला दोन प्रश्न एकदम विचारले पाहिजेत: तुझा कार्यक्रम कोणासाठी आहे, आणि तो बदलायचा झाला तर कोणाला विचारून बदलशील? डाव्यांनी पहिल्याचे उत्तर दिले, दुसऱ्याचे टाळले. आपण दुसऱ्याच्या उत्तरावर समाधान मानले आणि पहिला विसरलो. बंगालचा बटाईदार आणि मराठवाड्याचा भूमिहीन एकाच जागी उभे राहून वाट पाहत आहेत, ती ही दोन्ही उत्तरे एकत्र देणाऱ्या पक्षाची. तो पक्ष भ्रमनिरासातून आपोआप निर्माण होणार नाही. तो बांधावा लागेल.