मुलग्याचे मौन आणि आपली समीक्षा

'बलुतं' १९७८ साली आले, 'अक्करमाशी' १९८४ साली. दलित आत्मकथनांनी भूक, अपमान, अनौरसपणाचे ओझे यांतले काहीच झाकले नाही. परंतु त्यांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या समीक्षेने एक प्रश्न क्वचितच विचारला: लहानपणी देहावर झालेला अत्याचार पुरुषाने कोणत्या शब्दांत सांगावा? स्त्रीवरचा अत्याचार आपण शोषण म्हणून ओळखला. मुलग्यावरचा मात्र चेष्टेवारी नेला.

केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ सांगणाऱ्या मुलांत ५२.९४ टक्के मुलगे होते. मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला तो २०१२ साली. त्याच वर्षी मुंबईच्या हरीश अय्यर यांनी 'सत्यमेव जयते' कार्यक्रमात आपली अकरा वर्षांची यातना सांगितली. त्यांचे धैर्य मोठेच. पण त्यांना श्रोते मिळाले, हेही तितकेच महत्त्वाचे. माजरीच्या खाण-वसाहतीतल्या पोराला श्रोता कोण? 'मर्द असून रडतोस?' हा पहिला प्रश्न, 'समाजाची बदनामी होईल' हा दुसरा. अत्याचारी परका असो वा आपल्यातला, या मौनाचा लाभ त्यालाच.

सावरणे म्हणजे विसरणे नव्हे. 'दोष तुझा नव्हता' असे म्हणणारे एक तरी माणूस मिळाले की सावरणे सुरू होते. शिक्षक-कार्यकर्त्यांनी मुलांना १०९८ आणि प्रौढांना टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक जरूर सांगावा. पण आधी ऐकून घ्यावे. आपल्याच घरातील मौनाला भिणाऱ्या साहित्याला विद्रोही म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.