वडिलांच्या जागी मुलगा : 'जेनेसिस'चे अखेरचे पुनर्मीलन

१९६९ साली इंग्लंडमध्ये 'फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन' या नावाची एक ध्वनिमुद्रिका विक्रीस आली. आपल्या भाषेत सांगायचे तर 'उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत'. काळ्या वेष्टनावरचे हे नाव वाचून काही दुकानदारांनी ती धार्मिक संगीताच्या कप्प्यात नेऊन ठेवली, आणि ज्या तरुणांसाठी ती होती त्यांच्या नजरेस ती पडलीच नाही. ती काढणारी मुले सरे परगण्यातील चार्टरहाउस या शाळेची होती. दुकानदारांची चूक अगदीच निराधार होती असे मात्र आम्हांस वाटत नाही. शाळेच्या चॅपेलमधील स्तोत्रगायनाचे वळण टोनी बँक्सच्या की-बोर्डवादनात पुढेही ऐकू येत राहिले. १९७२ साली या मंडळींनी 'सपर्स रेडी' ही सुमारे तेवीस मिनिटांची, सात भागांची रचना केली. तिच्या अखेरच्या भागांतील प्रतिमा प्रकटीकरणाच्या पुस्तकातूनच आल्या आहेत.

अशा लांबलचक, ताल बदलत जाणाऱ्या, कथा सांगणाऱ्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. 'जेनेसिस' हे त्यातील एक अग्रगण्य नाव. मुख्य गायक पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला, दोन वर्षांनी गिटारवादक स्टीव्ह हॅकेटही गेला. ड्रम्स वाजविणारा फिल कॉलिन्स गाऊ लागला आणि बँक्स, माइक रुदरफर्ड व कॉलिन्स या तिघांनी पुढे अफाट लोकप्रियता मिळविली. १९९६ मध्ये कॉलिन्सनेही निरोप घेतला. २००७ साली हे तिघे पुन्हा एकत्र आले. रोमच्या सर्कस मॅक्सिमसवरील त्यांच्या विनामूल्य कार्यक्रमास लाखोंचा समुदाय लोटला होता. त्यानंतर चौदा वर्षांची शांतता, आणि मग 'द लास्ट डोमिनो?' हा दौरा. महामारीमुळे तो दोनदा पुढे ढकलला गेला. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला त्याचा आरंभ झाला आणि २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये तो संपला.

आम्ही त्या सभागृहांत नव्हतो. श्रोत्यांनी टिपलेल्या ध्वनिचित्रफिती पाहूनच हे लिहीत आहोत, हे आधी सांगितलेले बरे.

पहिल्यांदा जे दिसते ते मन विदीर्ण करणारे आहे. कॉलिन्स काठीच्या आधाराने रंगमंचावर येतो आणि खुर्चीत बसतो. मानेच्या मणक्याच्या दुखापतीने त्याच्या हातांतील बळ नेले. ड्रम्स वाजविणे कायमचे सुटले. २००७ च्या दौऱ्यात तो आणि चेस्टर थॉम्प्सन दोन स्टुलांवर काठ्यांनी ताल धरून ड्रम्सची जुगलबंदी सुरू करीत असत. बसणे हा तेव्हा खेळ होता. आता तो बसलेला आहे आणि त्याच्या मागे, त्याच्या जुन्या जागेवर, त्याचा वीस वर्षांचा मुलगा निक ड्रम्स वाजवीत आहे. वडील 'जेनेसिस'मध्ये आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

पुनर्मीलनाचे कार्यक्रम पाहताना आमच्या मनात नेहमी एक शंका असते : हे लोक संगीतासाठी जमले आहेत की आठवणी विकण्यासाठी? या दौऱ्याबाबत तिचे सरळ उत्तर देता येत नाही. 'इन्व्हिजिबल टच'सारखी १९८६ ची उड्या मारणारी गाणी खालच्या पट्टीत उतरवूनही कॉलिन्सच्या आवाजाला पेलत नाहीत. श्रोते गातात म्हणून ती निभावतात. 'फर्थ ऑफ फिफ्थ'चा केवळ एक तुकडा वाजविला जातो, तोही हॅकेटविना, जणू जुन्या घराच्या उंबऱ्यावरूनच परत फिरावे. 'सपर्स रेडी' तर नाहीच. ती संपूर्ण ऐकायची तर हॅकेटच्या स्वतंत्र कार्यक्रमांना जावे लागते. ज्यांना १९७३ चे 'जेनेसिस' हवे होते, त्यांची तक्रार रास्त आहे.

परंतु 'द सिनेमा शो' या रचनेचा उत्तरार्ध ऐकावा. त्यात सात मात्रांचे आवर्तन आहे. आपल्याकडील रूपक तालाची ज्यांना सवय आहे त्यांना ते सहज मोजता येईल. १९७३ साली त्यावर बँक्सचे बोट आणि कॉलिन्सचे ड्रम्स एकमेकांचा पाठलाग करीत. येथे बँक्स तोच आहे, सत्तरी ओलांडलेला, नेहमीसारखाच निर्विकार, आणि पाठलाग करणारा मात्र त्याच्या मित्राचा मुलगा आहे. निक वडिलांची नक्कल करीत नाही. त्याचा आघात अधिक जड आहे, आणि तो जुन्या जागा ओळखून तेथे नेमका थांबतो. या मिनिटांत आठवणींचा बाजार कोठेही नाही. संगीत खरोखर घडत आहे, आणि खुर्चीतला माणूस काही न करता ते ऐकतो आहे.

मग 'नो सन ऑफ माइन' येते. घरातील छळाला कंटाळून पळालेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला आपला मानण्यास नकार देतो, असा या १९९१ च्या गाण्याचा विषय. ते एक बाप गातो आणि त्याचा मुलगा त्याला ताल देतो. या योगायोगाचा कोणी गाजावाजा करीत नाही. त्यामुळेच तो अधिक जाणवतो. आवाजातील थकवा एरवी खटकतो. येथे तो गाण्याच्या कामी येतो. 'मामा' या गाण्याबद्दलही आमचे हेच मत आहे. खुर्चीत जखडलेल्या देहातून येणारी तिची धमकी पूर्वीपेक्षा अधिक भयावह वाटते.

लंडनच्या शेवटच्या रात्री गेब्रिएल प्रेक्षकांत होता. तो रंगमंचावर आला नाही. पुष्कळांना याची हळहळ वाटली. आम्हांस त्याचे तेथेच बसून राहणे योग्य वाटले. सर्वांत शेवटी 'द कार्पेट क्रॉलर्स' झाले, गेब्रिएलच्या काळातील, १९७४ चे. या गाण्याला जोराची गरज नाही. मंद लयीत तीच ओळ पुन्हापुन्हा वर चढत जाते. कॉलिन्सने ते खालच्या सुरात, घाई न करता गाइले, आणि दीर्घकाळ 'जेनेसिस'बरोबर वाजविणारा डॅरिल स्टुर्मर व मागचे दोन सहगायक त्याच्या आवाजाला आधार देत राहिले. मग निक ड्रम्समागून पुढे आला, सर्वजण एका रांगेत उभे राहिले आणि कॉलिन्स काठी टेकीत त्यांच्यात मिसळला.