नाकापेक्षा आकडा जड

वाइनवर परीक्षणे लिहिणाऱ्या मंडळींचे वाङ्मय मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे. पिण्याशी त्याचा संबंध बेताचाच. ज्यांना स्वयंपाकघरात कुणी उभे करीत नाही असे गृहस्थ रात्री अंथरुणावर पडून पाककृतींची पुस्तके वाचतात, त्यातलाच हा प्रकार समजा. पण काय ते वाङ्मय! जर्मनीतल्या मोझेलकाठची रिझलिंग जरा मुरली, की तिला पेट्रोलचा वास येतो. बोर्दोच्या वाइनला नुकत्याच टोक काढलेल्या शिसपेन्सिलीचा. ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीच्या शिराझला घामेजलेल्या खोगिराचा. आणि सोव्हिन्यों ब्लांक नावाच्या द्राक्षाच्या वाइनला चक्क मांजराच्या मुताचा. हे सगळे निंदा म्हणून लिहिलेले नसते हो, कौतुक म्हणून लिहिलेले असते. आपल्याकडे नव्या सुनेने केलेल्या आमटीचे सासऱ्यांनी असे कौतुक केले, तर ती संध्याकाळच्या गाडीने माहेरी जाईल.

याला हसावे, जरूर हसावे, पण थापा म्हणू नये. रिझलिंगमधल्या पेट्रोलच्या वासाचे रसायन शास्त्रज्ञांनी शोधून काढलेले आहे. काबर्ने सोव्हिन्यों द्राक्ष नीट पिकले नाही, की वाइनला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो. तो ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य ढोबळ्या मिरचीत असते. बूच बिघडले, की बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास लागतो. त्याला कारण होणारे रसायन एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे नसल्यातच जमा असते, तरी सराईत नाक ते पकडते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात अॅन नोबल नावाच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी 1980च्या दशकात असल्या सगळ्या वासांचे एक चक्र बनवले. त्यात लवंग आहे, लिंबू आहे, ओला पुठ्ठासुद्धा आहे. पण ‘भारदस्त’, ‘घरंदाज’ असल्या शब्दांना त्यांनी जागा दिली नाही. बाईंना माझा नमस्कार. मराठी समीक्षेलाही असे एक चाक हवे होते.

चव घेण्याची रीतही मला परकी वाटत नाही. पेला उजेडात धरायचा, गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसायचे, मग एक घोट घेऊन तोंडभर खळखळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. चूळ भरून लांबवरच्या पिकदाणीचा अचूक वेध घेणारी माणसे आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघर होती. त्यांना बोर्दोला कुणी बोलावले नाही, एवढेच.

तर नाकाबद्दल माझी तक्रार नाही. घोटाळा सुरू होतो तो आकड्यापाशी.

रॉबर्ट पार्कर हे अमेरिकेतल्या मेरीलँडचे वकील. 1978 साली त्यांनी वाइनचे परीक्षण करणारे स्वतःचे पत्रक काढले आणि अमेरिकन शाळेतल्यासारखे शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. त्यातही मौज अशी, की मोजणी 50 पासून सुरू होते. म्हणजे पेल्यात हजर राहिल्याबद्दल वाइनला निम्मे गुण. (आमच्या वेळी गणिताला ही पद्धत असती तर!) बोर्दोच्या 1982 सालच्या वाइनची त्यांनी सपाटून तारीफ केली, तिथून त्यांचे नाव झाले आणि पुढे त्यांच्या गुणांवर बाजारातले भाव ठरू लागले. नव्वदच्या पुढची बाटली हातोहात खपायची आणि एकोणनव्वदवाली धूळ खात पडायची. एका गुणाने काय होते, हे ज्यांच्या घरात दहावीचा निकाल लागलेला आहे त्यांना मी सांगायला नको.

आता दहावीत निदान फेरतपासणीची सोय असते. वाइनची फेरतपासणी रॉबर्ट हॉजसन या गृहस्थांनी केली. हे समुद्रशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, स्वतःची लहानशी वाइनरी चालवणारे. आपली वाइन एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळवते आणि दुसऱ्या स्पर्धेत तिला कुणी विचारत नाही, हे काय गौडबंगाल आहे, असा प्रश्न त्यांना पडला. 2005 पासून कॅलिफोर्निया राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेत त्यांनी परीक्षकांना, न सांगता, एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. 2008 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. एकाच वाइनला मिळतेजुळते गुण देणारे परीक्षक दहात जेमतेम एक. उरलेल्यांचे गुण सहज चार इकडे, चार तिकडे. आणि यंदा सातत्य दाखवणारा परीक्षक पुढच्या वर्षी दाखवीलच असेही नाही. तेच नाक, तीच बाटली. फक्त मध्ये थोडा वेळ गेला.

गुणांचे हे असे, तर किमतीचे काय? त्यासाठी 1855 सालात जावे लागते. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठे प्रदर्शन भरवले आणि बोर्दोच्या उत्तम वाइनची यादी मागवली. दलालांनी ती भराभर करून दिली. कशी? चाखून नव्हे. बाजारात कोणत्या मळ्याला किती भाव मिळतो, हे वह्यांत लिहिलेले होतेच. त्यावरून पहिल्या पंक्तीचे कोण, दुसऱ्या पंक्तीचे कोण, अशी पाच पंक्तींत पाने मांडली. भाव जास्त म्हणून पंगत पहिली. आणि तेव्हापासून पंगत पहिली म्हणून भाव जास्त! ही पंगत अजून उठलेली नाही. पाटावरून पाटावर जाण्याचे भाग्य एकट्या शातो मूतों रोत्शिल्दला लाभले (फ्रेंच लोक नावे ठेवताना मराठी माणसाचा विचार करीत नाहीत, त्याला माझा इलाज नाही). दुसऱ्या पंक्तीतला हा मळा 1973 साली पहिल्या पंक्तीत आला. त्या हुकमावर सही होती शेतीमंत्री जाक शिराक यांची. पुढे ते फ्रान्सचे अध्यक्ष झाले.

आणि या बढतीला तीन वर्षे होतात न होतात तोच 24 मे 1976 चा दिवस उजाडला. स्टीव्हन स्पुरिअर हा पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणारा इंग्रज. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती, त्या निमित्ताने त्याने कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन शेजारी शेजारी मांडून एक चाचणी ठेवली. नावे झाकलेली. गुण वीसपैकी. ज्यांचे गुण धरायचे ते नऊच्या नऊ परीक्षक फ्रेंच, आणि एकेक असामी अशी, की त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला तरी झऱ्याचे नाव सांगतील. वार्ताहरांना आमंत्रणे गेली होती. आला एकटा, ‘टाइम’चा जॉर्ज टेबर. निकाल ठरलेला असताना कोण वेळ घालवणार?

या टेबरच्या हातात वाइनची यादी होती. कुणाच्या पेल्यात काय आहे, हे त्याला कळत होते. अशी मौज नशिबात एकदाच येते. पॅरिसमधल्या नामांकित उपाहारगृहाचे बल्लवाचार्य रेमों ऑलिव्हे यांनी एक पांढरी वाइन चाखली आणि चला, फ्रान्सला परत आलो, अशा अर्थाचा सुटकेचा सुस्कारा टाकला. वाइन कॅलिफोर्नियाची होती. दुसऱ्या एका परीक्षकाने बर्गंडीची थोर वाइन हुंगून, हिला वासच नाही, ही नक्की कॅलिफोर्नियाची, असा निवाडा दिला.

पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मॉन्टेलेना. नाव फ्रेंच, मळा अमेरिकन, करणारा युगोस्लाव्हियातून आलेला. हा निकाल तांबड्या वाइन ओतण्यापूर्वीच जाहीर झाला, त्यामुळे पुढच्या फेरीत परीक्षक सावध होते. तरीही पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्स लीप. ती करणारा वॉरन विनियार्स्की पूर्वी शिकागो विद्यापीठात शिकवत असे, आणि त्या द्राक्षांच्या वेली अवघ्या तीन वर्षांच्या होत्या. दुसरा नंबर पहिल्या पंक्तीच्या मूतोंचा. फरक अगदी निसटता होता, हेही सांगितले पाहिजे. (आकड्यांवर मी विश्वास ठेवू नका म्हणतो आणि याच आकड्यांनी खूश होतो, हे मलाही दिसते आहे.) फ्रान्समधल्या वाइनच्या मोठ्या मासिकाच्या संपादिका ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली, स्पुरिअरने दिली नाही. मग फ्रेंचांनी सांगितले, आमची वाइन सावकाश पिकते, थांबा जरा. जग थांबले. 2006 साली, तीस वर्षांनी, त्याच तांबड्या वाइन लंडनला आणि कॅलिफोर्नियात पुन्हा उघडल्या. पहिले पाच नंबर कॅलिफोर्नियाचे!

नाव झाकले की हे होते. नाव उघडे असले की काय होते? 2001 साली बोर्दोच्याच विद्यापीठातल्या वाइनचे शास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना वास नसलेला तांबडा रंग घातलेली पांढरी वाइन दिली, तर त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी सांगितले, नाकाने ऐकले. 2008 साली कॅलिफोर्नियात वीस माणसांना एकच वाइन एकदा 10 डॉलरची म्हणून आणि एकदा 90 डॉलरची म्हणून पाजली आणि त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. महाग म्हटल्यावर मेंदूतला आनंदाचा भाग जास्त उजळला. म्हणजे ते लोक ढोंग करीत नव्हते, त्यांना खरोखरच ती जास्त आवडली. मला यातले हेच सर्वांत वाईट वाटते. ढोंग उघडे पाडता येते. इथे किंमत मसाल्यासारखी पदार्थात शिजूनच जाते, वेगळी काढता येत नाही.

रूडी कुर्निआवान हा इसम यावरच गब्बर झाला. कॅलिफोर्नियातल्या घरी वाइनची मिसळ करायची, जुन्या बाटल्यांत भरायची, लेबले चिकटवायची आणि लिलावात श्रीमंतांना विकायची. पिणाऱ्यांनी माना डोलावल्या. 2008 साली त्याच्या काही बाटल्या अडकल्या, त्या चवीमुळे नव्हे. लेबलावर 1945 साल होते आणि बर्गंडीतल्या ज्या पाँसो घराण्याचे नाव होते, त्यांनी ती वाइन करायला सुरुवातच 1980च्या दशकात केली होती. 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. लेबलाने जे विकले, ते पकडलेही लेबलानेच.

म्हणून मला परीक्षण हवे ते खोगिराचे आणि पेन्सिलीचे. ज्याला जे हुंगायला मिळाले ते त्याने आपल्या शब्दांत लिहावे, नाव झाकून लिहावे, आणि खाली आकडा घालू नये. एवढे पथ्य पाळणारा समीक्षक मी शोधतो आहे.

तसा एक भेटला होता. नाशिकला एका वाइनरीत आम्ही पंधरा-वीस जण पेले धरून उभे होतो. माहिती सांगणारा मुलगा म्हणाला, “पेरूचा वास येतोय ना?” सगळ्यांना लगेच पेरू आला. मग त्याने शिराझ ओतली. तो काही सांगायच्या आतच निवृत्त शिक्षिका वाटणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “अरे बाळा, याला द्राक्षारिष्टाचा वास येतोय.”

सगळे हसले. “काकू, औषध नाही हो ते,” मुलगाही हसत म्हणाला. बाई ओशाळल्या आणि पेला खाली ठेवून बाजूला झाल्या. आता द्राक्षारिष्टात मनुकांबरोबर मिरी असते. आणि शिराझला मिऱ्याचा वास येतो तो मिऱ्यात असणाऱ्या द्रव्यामुळेच, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले आहे. मी हे हळूच बाईंना सांगितले. “असेल हो,” त्या म्हणाल्या, “पण त्यांना जास्त कळतं.”

तेवढ्यात तिसरी बाटली उघडली. हिला म्हणे लिचीचा वास होता. तो सगळ्यांना आला. बाईंनाही आला.