'अर्क' म्हणजे काय? : दग्धव्रणावरील वनौषधींच्या मराठी लेखनाचे परीक्षण

भाजलेल्या जखमेवर वनस्पतींचा उपयोग कसा करावा याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्'सारख्या ग्रंथांनी वनौषधींची माहिती घरोघर पोहोचविली; आज ते कार्य वृत्तपत्रांतील आरोग्यसदरे, औषधांच्या वेष्टनांवरील मजकूर आणि विद्यापीठीय प्रबंध करीत आहेत. या लेखनाची भाषेच्या अंगाने तपासणी करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. "भाजल्यास अमुक वनस्पतीचा अर्क लावावा, म्हणजे जखम लवकर भरते," हे या लेखनातील नमुन्याचे वाक्य होय. वाक्य सरळ दिसते. परंतु त्यातील प्रत्येक महत्त्वाचे पद संदिग्ध आहे, आणि ही संदिग्धता केवळ शैलीचा दोष नसून रुग्णाच्या हिताशी तिचा प्रत्यक्ष संबंध आहे.

प्रथम 'भाजणे' हे पद घेऊ. बोलीतील मराठी या बाबतीत दरिद्री नाही. चटका बसतो, जीभ पोळते, माणूस आगीत होरपळतो, भाकरी करपते. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याच्या म्हणीत 'पोळणे' हे क्रियापद येते. उष्ण द्रवाने झालेली इजा आणि ज्वालेने झालेली इजा यांतील भेद भाषेने टिपून ठेवला आहे. लेखी मराठी मात्र या सर्वांना 'भाजणे' या एका शब्दात गोळा करते आणि आम्लाने झालेली इजाही त्यातच घालते. व्रण किती खोल आहे, याचा तर तेथे निर्देशही नसतो. वस्तुतः सारा निर्णय खोलीवर अवलंबून असतो. वरवरचा व्रण बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्वचेची संपूर्ण जाडी नष्ट झाली असेल, तर सामान्यतः त्वचारोपणावाचून गत्यंतर नसते. अशा खोल व्रणात संवेदना वाहणारे तंतूच जळालेले असल्यामुळे वेदना कमी असते, आणि ती कमी आहे म्हणून घरचे लोक निश्चिंत होतात.

प्रबंधलेखक हा दोष टाळण्यासाठी सुश्रुताकडे वळतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांची आधुनिक वैद्यकातील श्रेणींशी एकास एक जुळणी करण्याची प्रथा पडली आहे. ती तपासून पाहणे अवश्य आहे. हा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे वैद्याने उपचार म्हणून दिलेल्या डागाचा आहे. 'सम्यक्' म्हणजे योग्य. जो डाग जसा द्यावयास हवा तसा दिला गेला, तो सम्यग्दग्ध. 'दुर्' आणि 'अति' हे उपसर्ग त्याच मापाने लावलेले आहेत. सारांश, ही परिभाषा कर्त्याच्या कौशल्याच्या दृष्टीने घडलेली आहे, त्वचेच्या थरांच्या दृष्टीने नव्हे. प्रमादाने झालेल्या दाहालाही सुश्रुत हेच चार प्रकार लावतो, हे खरे. तथापि संज्ञेचा उगम विसरून केलेली जुळणी शास्त्रीय ठरत नाही. शिवाय प्लुष्टावर सुश्रुताने उष्ण उपचार सांगितला असून थंड पाणी निषिद्ध मानले आहे. आजचा अनुभवसिद्ध प्रथमोपचार याच्या नेमका उलट, म्हणजे सुमारे २० मिनिटे वाहते थंड पाणी, असा आहे. उलटपक्षी, अतिदग्ध व्रण गुळवेलीच्या किंवा पाण्यातील वनस्पतींच्या पानांनी झाकावा, ही त्याच अध्यायातील सूचना आजही विचारार्ह वाटते. प्राचीन ग्रंथाचा आदर करणे म्हणजे त्यातील प्रत्येक विधान आज वापरणे नव्हे.

दुसरे पद वनस्पतीच्या नावाचे. 'ब्राह्मी' हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. या एका नावाने मराठीत दोन वनस्पती ओळखल्या जातात. एक मंडूकपर्णी अथवा कारिवणा, म्हणजे सेंटेला एशियाटिका. दुसरी जलब्राह्मी, म्हणजे बकोपा मोनिएरी. दोहोंचे कुल भिन्न, घटकद्रव्ये भिन्न. व्रणरोपणाच्या संदर्भात ज्या एशियाटिकोसाइड या द्रव्याचा अभ्यास झाला आहे, ते पहिलीत असते. 'ब्राह्मी लावावी' असे लिहिणारा लेखक वाचकाला कोणती वनस्पती देतो? कोरफडीत नाव एकच असले, तरी भाग दोन आहेत. पानाच्या आतील पारदर्शक गर वेगळा आणि सालीलगतचा पिवळा, कडू चीक वेगळा; तोच चीक सुकवून काळा बोळ होतो. 'कोरफडीचा रस' या शब्दप्रयोगात दोन्ही बसतात, जखमेवर मात्र गरच अपेक्षित असतो.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत अनर्थकारक पद 'अर्क' हे होय. मराठीत या एका रूपात दोन भिन्न कुळांतले शब्द येऊन मिळाले आहेत. संस्कृत 'अर्क' म्हणजे सूर्य, आणि त्याच नावाने रुईचे झाड. दुसरा 'अर्क' अरबीतून आलेला. मूळ अर्थ घाम, त्यावरून थेंबथेंब गळणारे ऊर्ध्वपातित द्रव्य. रावणाच्या नावावर असलेल्या 'अर्कप्रकाश' या ग्रंथात हा दुसरा अर्थ आहे, आणि ओव्याचा किंवा बडीशेपेचा अर्क म्हणताना आपणही तोच घेतो. आता वृत्तपत्रीय मराठीने त्यावर तिसरा अर्थ लादला आहे: कोणत्याही द्रावकाने वनस्पतीतून काढलेले सार. परिणाम असा की 'मंडूकपर्णीचा अर्क' वाचून कोणी पाने ऊर्ध्वपातनास लावली, तर त्याच्या हाती सुगंधी पाणी येईल. एशियाटिकोसाइड उडून जाणारे नसल्यामुळे ते भांड्यातच राहील. आणि जुन्या पोथीतील 'अर्कक्षीर' म्हणजे रुईचा चीक, जो त्वचेला दाहक आणि डोळ्याला घातक आहे. एक शब्द तीन वस्तू सांगतो, आणि त्यांतील एक इजा करणारी आहे. जुन्या वैद्यकाने स्वरस, कल्क, क्वाथ, फांट, सिद्धतैल अशी कृतीनिष्ठ परिभाषा काळजीपूर्वक घडविली होती. ती टाकून आपण 'अर्क' हा एकच शब्द घेतला. याला प्रगती म्हणता येत नाही.

नेमके लिहिणे शक्य आहे काय? शक्य आहे. २०१६ साली युरोपीय संघात बर्च वृक्षाच्या सालीपासून केलेल्या एका मलमाला वरवरच्या त्वचाव्रणांसाठी मान्यता मिळाली. त्याच्या अधिकृत वर्णनात वृक्षाच्या दोन जातींची नावे, वापरलेला भाग, हेप्टेन हे द्रावक, सालीचे व साराचे प्रमाण आणि बेट्युलिन या घटकाची मर्यादा, एवढे सर्व दिले होते. आपला भूर्ज याच प्रजातीतला, पण निराळ्या जातीचा. म्हणून त्या मलमाचा गुण भूर्जपत्राला आपोआप लागू होत नाही, हेही त्या नेमकेपणामुळेच कळते. महाराष्ट्रातील उदाहरणे तर अधिक जवळची आहेत. मुंबईत डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. २००३ साली डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्टीची त्या पट्टीशी तुलना केली आणि पान तितकेच उपयुक्त व बरेच स्वस्त असल्याचे दाखविले. येथे 'अर्क' नाही, चमत्काराची भाषा नाही. कोणत्या खोलीचा व्रण, कोणते पान, कसे निर्जंतुक केले, कशाशी तुलना केली, हे सांगितलेले आहे.

'जखम लवकर भरते' या विधेयालाही हीच कसोटी लावली पाहिजे. लवकर म्हणजे कशाच्या मानाने? वरवरचा व्रण काहीही न लावता भरणार असेल, तर लावलेल्या पाल्याला श्रेय देणे हा तर्कदोष होय. कोरफडीविषयी २००७ साली झालेल्या एका समीक्षेत चार चाचण्या व ३७१ रुग्ण विचारात घेतले गेले. भरण्याचा काळ सुमारे नऊ दिवसांनी कमी झाल्याचे दिसले, परंतु वापरलेली कोरफडीची रूपे परस्परांहून भिन्न असल्यामुळे ठाम निष्कर्ष काढता आला नाही. 'कोरफड' म्हणजे नेमके काय, हाच प्रश्न तेथेही अडला.

या विवेचनाला आपल्या परिसरात विशेष महत्त्व आहे. नागपूरच्या दक्षिणेस वर्ध्याच्या रस्त्यावरील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत वाफ, तप्त धातू आणि आम्ल यांच्याशी रोजचा संबंध असलेला कामगारवर्ग आहे. त्याची भाषा वऱ्हाडी, नागपुरी आणि हिंदी यांच्या मिश्रणाची. 'अर्क' त्याच्या कानी हिंदी जाहिरातीतून येतो, 'ब्राह्मी' तेलाच्या बाटलीवरून. आम्ल अंगावर पडलेल्या माणसाला आधी भरपूर पाणी हवे, पाला नव्हे. त्याच्यासाठी लिहिलेले एखादे संदिग्ध वाक्य त्याचा पहिला अर्धा तास खाऊ शकते.

उपाय म्हणून नवी संज्ञा घडवावी असे मी सुचविणार नाही. 'निष्कर्षण' ही क्रियावाचक संज्ञा मराठीत आहेच. 'निष्कर्ष' मात्र अनुमानाच्या अर्थी इतका रूढ आहे की तो द्रव्याला लावल्यास नवा गोंधळ होईल. 'अर्क' ऊर्ध्वपातित द्रव्यापुरता राखावा, आणि इतरत्र कृतीच सांगावी: कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कशात भिजविला अथवा उकळला, कोणत्या व्रणावर आणि कोणत्या वेळी लावावयाचा. वाक्य लांबेल, हे मान्य. परंतु औषधाच्या वाक्यात लाघवापेक्षा निःसंदिग्धता श्रेष्ठ होय. मराठीतून वैद्यक लिहिता येते, हे आपण पूर्वीच सिद्ध केले आहे. ते जबाबदारीने लिहिता येते, हे सिद्ध करणे आता आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांकडे आहे.